तीस नंबरचा मदगू

भावजी, तुम्हाला खांद्यावरून नेऊन दोन दिवस झाले नव्हते, आणि मी तुमची पिशवी उचकटली.

हे सगळ्यांत आधी सांगून टाकतो. पुढचं लिहिता लिहिता माझा धीर गेला, तर निदान एवढं तरी कागदावर राहील. दुपारची जेवणं झाली होती. अक्का आतल्या खोलीत आडवी झाली होती. तुमचा वेंकट बँगलोरला फोन लावायला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेला होता. पिशवी नेहमीच्या खिळ्याला होती, खाकी, बंदाला दोन गाठी मारलेली. मी आत हात घातला. चष्म्याचं घर निघालं, चुन्याची डबी निघाली, सायकलच्या पंपाची नळी, आणि तुमची ती वही. वहीचं एकेक पान मी झटकून पाहिलं. मला हवा होता तो कागद त्यात नव्हता.

तुम्ही गेल्याचं दुःख मला नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला दुःखाच्या वर भीती बसली होती. मागं वळलो तर अक्का दारात उभी. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. माझ्या हातातल्या वहीकडं तिनं पाहिलं आणि विचारलं, "काप्पी ठेवू का?"

मी हो म्हणालो. पिशवी परत खिळ्याला लावली आणि बसून काप्पी प्यायलो.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी ते एकदा ओळीनं मांडायला हवं, कारण आजवर मी ते पुरतं कुणाहीपुढं मांडलेलं नाही. अक्काला देवनागरी वाचता येत नाही, वेंकटला अडखळत येते. मला येते ती शाळेत हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळं. तुम्ही तर तुमची वही, पिढ्यान् पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या घरांच्या मराठीत, पण तमिळ अक्षरांत लिहायचात. म्हणून हे मी दोघांना वाचून दाखवणार आहे.

पाटबंधाऱ्याच्या आमच्या कचेरीत तुम्ही मदगूंवरचे मुकादम होतात. कालव्यातून पाणी जिथं दोन वाटांना फुटतं, तिथल्या लोखंडी फळीच्या दाराला आपण मदगू म्हणतो, इथल्या तमिळ लोकांसारखंच. मदगूची चावी म्हणजे हातभर लांब दांडा. तो पेचात घालून फिरवला की फळी वर जाते किंवा खाली येते. कचेरीचा न लिहिलेला नियम असा, की चावी ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. ती चावी सायकलच्या दांडीला बांधून तुम्ही अठ्ठावीस वर्षं हिंडलात. गावोगावचे लोक तुमचं खरं नाव विसरले आणि 'मदगू रायर', म्हणजे मदगूवाले राव, म्हणायला लागले. माझ्या अक्काचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. सुट्टीत तुम्ही मला पुढच्या दांडीवर बसवून कालव्याच्या काठानं न्यायचात आणि प्रत्येक फाट्याशी थांबून विचारायचात, "हे पाणी आता कुणाच्या शेतात जाणार, सांग." माझं उत्तर चुकलं तर उतरून पुढच्या फाट्यापर्यंत चालायला लावायचात. मी इंजिनियर झालो तो त्या चालण्यामुळं.

मग मी तुमच्याच कचेरीत तुमचा साहेब होऊन आलो. घरी मी रघू, कचेरीत 'सार'. तो 'सार' म्हणताना तुमच्या डाव्या डोळ्यात जरा हसू असायचं. ते माझ्याखेरीज कुणाला दिसत नसे.

सहा वर्षांपूर्वी कचेरीत कॉम्प्युटर आला. मद्रासला तीन आठवडे शिकायला मला पाठवलं. मशीनसाठी थंड हवेची खोली झाली, आणि आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. पहिल्या दिवशी तुम्ही चपला काढल्यात, दाराशी क्षणभर थांबलात आणि मला हळूच विचारलंत, "घंटा कुठं आहे?"

मद्रासला मी जे शिकून आलो त्यातलं एक मला फार आवडलं होतं. त्याला झाड म्हणतात, पण ते उलटं काढतात, मूळ वर आणि फांद्या खाली. मी ते फळ्यावर काढलं तेव्हा तुम्ही म्हणालात, हे आपल्या कावेरीसारखंच की, वर एक आणि खाली शंभर. मलाही तेच सुचलं होतं. आपल्या एका शाखा कालव्याचे सगळे मदगू मी त्या झाडात बसवले. वरचा मुख्य मदगू चाळीस नंबरचा. त्याच्या डाव्या हाताला जे काही फुटतं त्या सगळ्यांना चाळिसाहून लहान आकडे, उजव्या हाताला मोठे. डावीकडं वीस, उजवीकडं साठ. विसाच्या खाली एका अंगाला दहा, दुसऱ्या अंगाला तीस. प्रत्येक मदगूशी तोच नियम, पार शेवटच्या गावाच्या तोंडापर्यंत.

या नियमामुळं एक गोष्ट फार सोपी होते. दोन गावांचं पाणी नेमकं कुठं वेगळं झालं हे शोधायचं असेल, तर वरून निघायचं. दोन्ही गावांचे आकडे समोरच्या मदगूहून लहान असतील तर डावीकडं उतरायचं, दोन्ही मोठे असतील तर उजवीकडं. एक लहान आणि एक मोठा निघाला की थांबायचं. दोघांचा सगळ्यांत जवळचा सामाईक पूर्वज तोच. दोन्ही गावांचं पाणी एकदम तोडायचं तर तो एक मदगू बंद केला की पुरे, आणि बाकीच्यांना कमीत कमी त्रास.

"पाण्याचा आजा-पणजा शोधतोस होय?" तुम्ही म्हणालात.

मग आपली शर्यत लागली होती, आठवतं? तुम्ही दोन गावांची नावं सांगायचात. मी आकडे टाकून बटण दाबायचो. तुम्ही वहीतल्या नकाशावर दोन हातांची दोन बोटं त्या दोन गावांवर ठेवायचात आणि एकेक मदगू वर सरकवत न्यायचात. बोटं जिथं एकमेकांना भिडतील ते तुमचं उत्तर. मशीन वरून खाली यायचं, तुम्ही खालून वर जायचात. पाच वेळा दोन्ही उत्तरं सारखी आली. टायपिस्ट उठून बघायला आले. पाचव्या वेळी तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, कचेरीत, सगळ्यांसमोर. मला वाटतं, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली दुपार होती.

सहाव्या वेळी तुम्ही अल्लिकुळम आणि पुंगंतोप्पू ही नावं दिलीत. अल्लिकुळमचा आकडा सदतीस, तिसाच्या खालचा. पुंगंतोप्पूचा त्रेसष्ट, साठाच्या खालचा, कालव्याच्या अगदी शेपटाला. मशीन म्हणालं चाळीस. तुमची बोटं तिसावर भिडली.

मी हसलो. त्रेसष्ट हा साठाच्या खाली आहे, तो तिसापाशी कसा येईल? तुम्ही सांगायला लागलात. साठापासून पुंगंतोप्पूला जाणारा पाट कित्येक वर्षांपूर्वी गाळानं भरून गेला आहे. कागदावर तो आहे, जमिनीवर त्याच्यात बाभळी उगवल्या आहेत. तीस आणि अल्लिकुळम यांच्या मधल्या शेतांतून जे पाणी निथळतं, ते ओघळीनं खाली जातं आणि पुंगंतोप्पू त्याच्यावर जगतं. एकाचं सांडलेलं ते दुसऱ्याचं पाणी. आपल्या खोऱ्यात असंच चालतं.

मी म्हणालो, झाडात प्रत्येकाला वरचा एकच असतो. दोन असले तर ते झाडच राहत नाही.

"मग तुझं झाड आपल्याकडचं नाही," तुम्ही म्हणालात. "आणि वरून काय उतरतोस? श्राद्धाला बसलास तर बापाचं नाव आधी घेतोस की पणजाचं? उद्या सकाळी सायकल काढतो. पुंगंतोप्पूहून निघू आणि वर चढत येऊ. तुझ्या डोळ्यांनी बघ."

त्या सकाळी माझी मीटिंग होती. दुसऱ्या सकाळी आणखी काही होतं. सायकल राहून गेली, आणि माझ्या फाईलमध्ये त्रेसष्ट साठाच्या खालीच राहिला.

पुढच्या वर्षीचा आश्विन. लावणी नुकतीच उरकली होती, पाऊस लांबला होता, नदीला पाणी सोडलेलं होतं. वडवयल आणि अल्लिकुळम या दोन्ही गावांच्या पाटांचे काठ एकाच आठवड्यात ढासळले, खेकड्यांनी आतून पोखरलेले. दुरुस्तीसाठी दोन्ही पाट कोरडे करायला हवे होते. वडवयल बावीस, अल्लिकुळम सदतीस. मी बटण दाबलं. तीस.

तुम्ही म्हणालात, तीस नको, दोन्ही गावांच्या तोंडचे मदगू वेगवेगळे बंद करू. म्हणजे मधल्या शेतांना पाणी राहील आणि निथळून पुंगंतोप्पूला पोचेल. त्या दोन मदगूंचे पेच गंजले होते हे खरं, पण तुम्ही दोन दिवस मागत होतात. तेल घालून फिरते करतो म्हणत होतात. मला त्याच संध्याकाळी तिरुचीच्या मोठ्या साहेबांना कळवायचं होतं, की नव्या मशीननं आम्ही काम कसं झटपट केलं. तुम्ही परत पुंगंतोप्पूचं नाव काढलंत. टायपिस्ट ऐकत होते. आणि मी म्हणालो, "भावजी, तुमच्या सायकलीचं आता इथं काम उरलं नाही."

कचेरीत मी तुम्हाला भावजी म्हटलं ते त्या एकाच वेळी, आणि तेही तसं वाक्य बोलण्यासाठी.

तुम्ही छापलेला कागद हातात घेतलात. कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला तो लांब कागद, वर तारीख, खाली 'तीस, बंद'. तुम्ही तो उलटा केलात, सुलटा केलात.

"सही?"

"मशीनच्या कागदाला सही लागत नाही," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. कागद मशीनमधून आला म्हणजे तो कुणा माणसाचा नसतो, असं वाटत होतं.

"बरं, सार," तुम्ही म्हणालात. मी डोळ्याकडं पाहिलं. हसू नव्हतं.

चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. पाचव्या दिवशी तुम्ही येऊन म्हणालात, एक दिवस उघडू दे, खालच्यांना पिऊ दे. मी म्हणालो, काठाची माती ओली आहे. आठव्या दिवशी परत आलात, दारातच उभे राहिलात, चपलासुद्धा काढल्या नाहीत. मी फोनवर बोलत होतो. फोन मी जरा लांबवला, तुम्ही जाल म्हणून. तुम्ही गेलात. अकराव्या दिवशी तीस उघडला तेव्हा पुंगंतोप्पूच्या शेतांना भेगा पडल्या होत्या आणि लावणीचा भात पिवळा होऊन आडवा झाला होता. पाऊस त्यानंतर आला, आणि ज्यांचं शेत हिरवं होतं त्यांच्या कामी आला.

चौकशी त्याच थंड खोलीत झाली. तिरुचीहून साहेब आले होते. पुंगंतोप्पूची माणसं बाहेर व्हरांड्यात बसली होती. साहेबांनी विचारलं, तीस नंबर कुणाच्या हुकमानं बंद केला?

मी दाराच्या काचेतून बाहेर पाहत होतो. बाहेर चपलांची रांग होती. तुमच्या उजव्या चपलेचा अंगठा खिळा मारून बसवलेला होता. त्या खिळ्याकडं मी पाहत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण एक वाक्य बोलायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ होता. मला दिला होता तो वेळ. तुम्हीच दिला होतात, कारण तुम्ही लगेच बोलला नाहीत. माझ्यासाठी थांबलात.

मग तुम्ही म्हणालात, "चावी माझ्याकडं होती. मी बंद केला."

"लेखी हुकूम होता?"

"नाही."

कागद तुमच्याकडं होता, भावजी. तुम्ही त्याची घडी घालून खिशात ठेवलेली मी पाहिली होती. तुम्ही नाही म्हणालात आणि मी अजूनही बाहेर चपलांकडं पाहत होतो.

चावी तुमच्याकडून काढून घेतली. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तुम्हाला जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवलं. माझी मद्रासला बढतीवर बदली झाली. जाताना तुम्ही मला बसवर पोचवायला आलात. खिडकीशी उभे राहून म्हणालात, "रघू, ते तुझं झाड..." तेवढ्यात बस सुटली. तुम्ही हात हलवलात. त्यानंतर प्रत्येक दिवाळीला मी घरी आलो. आपण राजकारण बोललो, केबल टीव्ही बोललो, वेंकटच्या नोकरीचं बोललो. ते वाक्य तुम्ही पुरं केलं नाहीत आणि मी विचारलं नाही. मला भीती वाटायची की तुम्ही विचाराल, आणि त्याहून जास्त भीती वाटायची त्या कागदाची. आज ना उद्या तो कुठल्या तरी वहीतून खाली पडेल. पाहुणा म्हणून तुमच्या घरी बसलेलो असताना माझे डोळे फडताळावरून फिरत असायचे.

काल बाराव्याला सपिंडीकरण झालं. वेंकटनं तुमचा पिंड तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या पिंडात मिळवला. गुरुजी नावं सांगत होते, खालून वर, एकेक. मला तुमची दोन बोटं दिसत होती.

जेवताना वेंकटच्या शेजारच्या पाहुण्यांनी पुंगंतोप्पूचा विषय काढला. वेंकट पानावरून मान न उचलता म्हणाला, "अप्पांनी न बघता मदगू बंद केला. स्वतःचंच खरं करायची सवय होती त्यांना. गाव मेलं त्यात." तो रागानं नव्हता बोलत. ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसा बोलत होता. अक्का वाढत होती. तिचा हात माझ्या पानावर थांबला. मी भाताकडं पाहत राहिलो. चौकशीच्या दिवसासारखाच पुष्कळ वेळ होता.

जेवण झाल्यावर मी तुमची सायकल काढली. मागच्या चाकात हवा कमी होती, तशीच रेटत नेली. पुंगंतोप्पूला पोचायला दीड तास लागला. गावात ओळखीचं कुणी नव्हतं, पण सायकलीला ओळखणारे होते. मुरुगय्यन नावाचा म्हातारा शेतकरी बांधावरून उठून आला आणि त्यानं हँडलवर हात ठेवला. तुम्ही गेल्याचं त्याला कळलं होतं. गावातले दहाबारा जण तुम्हाला नेलं त्या दिवशी आले होते म्हणे, रस्त्यापलीकडंच उभे राहिले, आत यावं की नाही हे कळेना म्हणून.

मग त्यानं मला जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर दर गुरुवारी तुम्ही तिरुवैयारूला गाणं ऐकायला जातो म्हणून निघायचात. तुम्ही इथं यायचात. पहिले दोन-तीन गुरुवार कुणी तुमच्याशी बोललं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. बायका तोंडावर शिव्या द्यायच्या. तुम्ही ऐकून घ्यायचात. नंतर एका गुरुवारी तुम्ही येताना फावडं आणलंत आणि त्या बुजलेल्या पाटात उतरलात, एकटेच, बाभळीच्या मुळांत. दुसऱ्या आठवड्यात मुरुगय्यनचा भाऊ उतरला. मग बाकीचे. दोन उन्हाळे लागले.

"चला, दाखवतो," तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर चालत वर गेलो. तुमचा पाट पाहिला. काठाला बाभळीच्या खुंटांची रांग होती आणि मधून पाणी वाहत होतं, घोट्याच्या वर. पाट संपला तिथं साठ नंबरचा मदगू. तिथून पुढं मी एकटाच सायकल हातात धरून चाळिसापर्यंत गेलो. त्रेसष्टावरून निघून साठ, साठावरून चाळीस. माझ्या फाईलमध्ये होतं तस्सं. माझ्या खोट्या झाडाला तुम्ही फावड्यानं खरं करून ठेवलंत. आता तीस बंद केला तरी पुंगंतोप्पू मरणार नाही, आणि आपली सहावी शर्यत खेळलो तर तुमची बोटं चाळिसावर भिडतील. बसच्या खिडकीशी हेच सांगायचं होतं का तुम्हाला? की निदान चूक कुठं आहे ते जाऊन बघ म्हणायचं होतं?

परत येताना मुरुगय्यन वाटेतच उभा होता. म्हणाला, "एक गोष्ट समजत नाही. पाण्याचा थेंब न् थेंब ओळखणारा माणूस. त्यानं तीस कसा बंद केला? विचारलं की रायर फावडं मारत राहायचे. तुम्ही त्यांचे मेव्हणे ना? तुम्हाला माहीत असेल."

मी म्हणालो, मला माहीत आहे. पण आधी बहिणीला सांगायला हवं, मग येतो.

दिवेलागणीला घरी पोचलो. अक्का स्वयंपाकघरात होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. हुकूम माझा होता, कागद मी दिला, चौकशीत गप्प बसलो, एवढं सांगितलं. ती पाठमोरी होती. तिनं चूल विझवली.

"पिशवीत शोधत होतास ना," ती म्हणाली. "तिथं कधी नव्हताच तो."

तिनं फडताळातले डाळींचे डबे एकेक खाली उतरवले. डब्यांखाली घातलेला कागद बाहेर ओढला. कडेला भोकांच्या पट्ट्या, मोहरीच्या डब्याची गोल खूण, तेलाचा डाग. अक्षरं फिकी झाली होती, पण आकडा वाचता येत होता. माझे डोळे इतकी वर्षं ज्या फडताळावरून फिरत होते, तिथंच.

"चौकशीहून आले त्या दिवशी दिला मला. म्हणाले, सही नसलेल्या कागदाचा काय उपयोग, डब्यांखाली घाल. दर पोंगलला फडताळातले कागद बदलते मी. हा नाही बदलला. मला इंग्रजी येत नाही, रघू, पण तीस आकडा येतो."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तू सांगशील म्हणून. प्रत्येक दिवाळीला वाटायचं, या वेळी सांगेल."

मग माझ्याकडं न बघता तिनं आणखी एक सांगितलं. तिनं तुम्हाला एकदा विचारलं होतं, माझा भाऊ म्हणून वाचवलंत का त्याला. तुम्ही म्हणालात, नाही, चावी माझ्या हातात होती, मी नाही म्हणू शकलो असतो. सायकलीचं बोलला त्याचा मला राग आला, आणि रागानं मी बरं म्हणालो. होऊ दे काय होतं ते, असं मनात आलं होतं. म्हणून अर्धं माझं आहे.

तुमचं ते अर्धं मी इतकी वर्षं पुरं धरून तुमच्याच माथी ठेवलं होतं.

वेंकट मधल्या दारात उभा होता. त्यानं किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती, त्याचा चेहरा उतरला होता. तो माझ्याशी बोलला नाही. अजूनही बोललेला नाही. पण पुढं आला, खिशातलं पेन काढलं आणि कागदाशेजारी ठेवलं.

मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. वरची छापलेली तारीख पाहून सहीखालीही तीच घालायला लागलो, तर अक्कानं कागदावर हात ठेवला.

"त्या दिवशीची नको. आजची घाल."

मी आजची घातली. मग म्हणालो, उद्या तिरुचीला जातो, साहेबांच्या हातात देतो, पुढं जे व्हायचं ते होऊ दे. अक्का डबे परत फडताळात लावत होती. तिथं आता उघडी फळी दिसत होती.

"आधी खाली दाखव," ती म्हणाली. "मग वर ने."

आज तेरावा झाला. तिसऱ्या प्रहरी मी पुंगंतोप्पूला निघतोय. तुमच्या सायकलीच्या मागच्या चाकात हवा भरली. पंपाची नळी तुमच्या पिशवीतच होती.